तांदळात लिहिलेलं नाव

वाकोल्याला आमच्या खोलीच्या डोक्यावरून विमानं जात. सांताक्रूझचा विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दिवसातून चार-पाच वेळा मांडणीवरची भांडी थरथरत आणि सासूबाई बोलता बोलता थांबत. विमान गेलं की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे सुरू. शेजारच्या बायका वर बघून म्हणत, "परदेशी चाललं बघ." मी वर बघत नसे. माझ्या परदेशाला विमान लागत नव्हतं. भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची, वेंगुर्ल्याला उतरायचं, मोटारीने बांद्याला जायचं आणि तिथून पुढे पायी. माझं माहेर गोव्यात होतं, आणि मी सांगते आहे त्या काळात गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं.

दहा वर्षांची असताना मी शाळेसाठी अंधेरीला मामाकडे आले, तेव्हा परवाना नाही की काही नाही. आईने एक पत्र्याची ट्रंक, फणसाची साटं आणि "मामीला उलट बोलू नकोस" एवढंच बरोबर दिलं होतं. दर मे महिन्यात मी घरी जाई. मधे सीमा आहे हे भूगोलाच्या पुस्तकापुरतं ठाऊक. पुढे पंचावन्नच्या सुमारास दोन सरकारांचं फाटलं, नाके बंद झाले, आणि नेमकं त्याच वेळी माझं लग्न ठरलं. वडील आधीच गेले होते. आईला यायची परवानगी मिळाली नाही. मामा-मामींनी कन्यादान केलं, आणि आईने आपल्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाच्या दिवशी तिकडे देवापुढे दिवा लावला. आम्ही तिला फोटो पाठवला. त्यात यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा मुंडावळ्यांनी अर्धा झाकलेला होता.

लग्नात माझं नाव बदललं. तेव्हा सगळ्याच मुलींचं बदलत असे, त्यात कुणाला नवल वाटत नसे. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले गेले. नाव यांनी स्वतः निवडलं होतं, आणि खरं सांगायचं तर चांगलं होतं. महिन्याभरात रेशन कार्डावर, दूधवाल्याच्या तोंडी, सासूबाईंच्या हाकेत मी तीच झाले. जुनं नाव दोनच ठिकाणी उरलं. एक आईच्या पत्रांत. आणि दुसरं आमच्या फडताळात. उरलेल्या लग्नपत्रिका सासूबाईंनी लोणच्याच्या बरण्यांखाली घातल्या होत्या, आणि पत्रिकेवर रिवाजाप्रमाणे माझं माहेरचं नाव छापलेलं होतं. बरणीचं तेल झिरपून ते पिवळं पडत चाललं होतं.

लग्नाला तीन वर्षं होत आली तेव्हा काकाचं पत्र आलं. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, आईला तोच सांभाळत असे. त्याने लिहिलं होतं की वहिनीला मोतीबिंदू झालाय, एक डोळा गेल्यातच जमा आहे, छातीचंही दुखणं आहे. ती काही मागत नाही, पण जावयाला डोळ्यांनी बघायचंय असं रोज म्हणते. आता आजारी माणसाच्या भेटीसाठी परवाने देतात, तर खटपट करा.

खटपट दोन्हीकडून करायची होती. इकडून बाहेर पडायचा परवाना आम्ही काढायचा, तिकडे आत यायचा कागद काकाने. काकाने माहिती मागवली. मी यांचं संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, वय, नोकरी, सगळं वळणदार अक्षरात लिहून पाठवलं. स्वतःचं काहीच लिहिलं नाही. आपल्या आईला आपलं नाव कोण कळवतं? पत्राखाली नेहमीसारखी सही केली, जुन्या नावाची.

इकडचा परवाना मिळायला पाच महिने गेले. चौकशीला वाकोल्याच्या चौकीवरून हवालदार आला. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि वर सुनावलं, "माहेरी जायला पोलिसांना विचारावं लागतं, हे मी माझ्या उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं हो." तो बिचारा म्हणाला, "मी पण नाही आजी." निघायच्या दिवशी सासूबाईंनी विहीणबाईंच्या देवापुढे ठेवायला नारळ दिला. गोव्याला नारळ न्यायचा म्हणजे समुद्रात पाणी ओतायचं, पण त्यांच्यापुढे बोलणार कोण? मी तो पिशवीत घातला.

बोटीवर हे सारखे मला आईबद्दल विचारत होते. तिला काय आवडतं, पाया कधी पडायचं, कोकणी कळलं नाही तर काय करायचं. ऑफिसात चार साहेबांना तोंड देणारा माणूस एका आजारी बाईला घाबरला होता. मला हसू येत होतं. त्या बोटीवर मी सुखात होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

बांद्याला यांच्या ऑफिसातल्या एका स्नेह्यांची मावशी राहत असे. तिच्याकडे एक रात्र काढून सकाळी आम्ही नाक्यावर गेलो. आपल्या बाजूच्या अधिकाऱ्याने परवाने पाहिले, शिक्के मारले, पिशवी उपसली. नारळ हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "सासूबाईंनी दिलाय." त्यावर त्याने तो मुकाट्याने परत ठेवला. मग मधली मोकळी वाट. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, तीच माती, तेच दगड. पलीकडचा डोंगर ओलांडला की आमचं गाव, दोन तासांची चाल. हे पिशवी घेऊन पुढे आणि मी जवळजवळ पळत मागे.

पलीकडच्या चौकीत टेबलाशी आमच्याच भागातला एक ख्रिस्ती कारकून बसला होता आणि त्याच्या मागे खुर्चीत एक गोरा अधिकारी. कारकुनाने काकाने काढलेले कागद फायलीतून शोधून काढले. यांचा कागद यांच्या परवान्याशी ताडून पाहिला. नाव, वडिलांचं नाव, वय, सगळं बरोबर. शिक्का मारला. मग माझा कागद घेतला, माझा परवाना घेतला, आणि एकदा इकडे एकदा तिकडे बघायला लागला.

"ही बाई कुठे आहे?" त्याने कागदावर बोट ठेवून विचारलं.

मी वाकून पाहिलं. काकाने जन्माच्या नोंदीवरून माझं माहेरचं नाव घातलं होतं, वडिलांच्या नावासकट. त्याच्या लेखी मी तीच होते. माझ्या परवान्यावर मात्र नाव नवं होतं. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. एकही अक्षर जुळत नव्हतं.

"ती मीच," मी म्हटलं.

कारकुनाला लगेच कळलं. त्याच्या शेजारीपाजारी काय हिंदू घरं नव्हती? त्याने मागे वळून गोऱ्याला त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं, हातवारे करून. गोऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. कारकुनाने तो मला सांगितला. "साहेब म्हणतात, नाव बदलल्याचा कागद दाखवा."

कागद कुठला? ते तांदळात लिहिलं होतं. त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी अंधेरीला खीर झाली होती आणि मीही ती खाल्ली होती. मी हे सांगितलं असतं तर कारकुनाने ते साहेबाला भाषांतर करून सांगितलं असतं का, कोण जाणे. हे म्हणाले, "लग्नाचा दाखला नाही, पण पत्रिका आहे. तिच्यावर हिचं जुनं नाव आणि माझं नाव शेजारी शेजारी छापलंय." पत्रिका वाकोल्याला होती, लोणच्याच्या बरणीखाली. एक का दोन, चांगल्या पंधरा-वीस होत्या.

मी त्या कारकुनाला गावाचं नाव सांगितलं, वाड्याचं सांगितलं, देवळाचं, शाळेच्या मास्तरांचं सांगितलं. त्याच्या मावशीचं घर आमच्या गावात निघालं. त्याने आमची विहीरसुद्धा ओळखली. आणि तरी तो म्हणाला, "बाय, हांव किदें करूं? मी करू तरी काय? उद्या मला विचारतील." त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि मला त्याच्या वाईट वाटण्याचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. चोर असता, मुजोर असता तर भांडता तरी आलं असतं. तिथे भांडायलाही कुणी नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि माझी आई डोंगरापलीकडे होती.

हे म्हणाले, "चल, दोघं परत जाऊ. नवा अर्ज करू."

"आणि पुन्हा परवाना मिळेपर्यंत तिचा दुसरा डोळा थांबणार आहे?" मी म्हटलं. "तुम्ही जा."

"मी एकटा? अगं, मी जाऊन बोलू काय? मी त्यांना ओळखतही नाही."

"तिला तुम्हाला बघायचंय. मला तिने बघितलेलं आहे."

हे मी बोलले खरं, पण बोलल्यावर तिथल्या बाकावर बसावं लागलं. यांनी पाणी आणून दिलं. मग मी यांना माझ्या घरची वाट सांगितली. मोठ्या रस्त्याने न जाता चर्चच्या बाजूने डावीकडे, साकव ओलांडायचा, पुढे वडाखाली दुकान, दुकानात बसून राहू नका, ते तुम्हाला सोडणार नाहीत. मग पायवाट चढून गेलात की पहिलं घर नाही, दुसरं. कुत्रा असेल तर भुंकू दे, तो चावत नाही. कुत्रा अजून असेल का, हे मला ठाऊक नव्हतं. यांनी सगळं मान हलवून ऐकलं, पिशवी खांद्याला लावली आणि निघाले. वळणाशी थांबून मागे बघितलं. ज्या माणसाने ते घर कधी पाहिलं नव्हतं तो माझ्या घरी चालला होता, आणि मी त्याला हात करत होते.

कागदावर चार दिवसांची मुदत होती. ते चार दिवस मी बांद्याला मावशींकडे काढले. मावशी चांगल्या होत्या, पण रिकामं बसलेलं माणूस त्यांना खपत नसे. त्यांनी मला तांदूळ निवडायला दिले. सूप मांडीवर घेऊन बसले आणि माझं बोट आपसूक त्यात जुनं नाव लिहायला लागलं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मावशी म्हणाल्या, "निवडतेस की खेळतेस गं?" मी खडे काढायला लागले.

चौथ्या दिवशी दुपारी हे आले. दाढी वाढलेली, कपाळाला कुंकवाचा पुसट टिळा, हातात आईने दिलेलं आंब्याच्या साटांचं पुडकं. मी विचारलं, "बघितलं का तिने तुम्हाला?" हे म्हणाले, "बघितलं. उन्हात बसवून बघितलं. मग हात लावून बघितलं." हे मुळात घुमे, आणि मी तुटून पडले की आणखी गप्प होतात. सगळं मला बोटीवर तुकड्या-तुकड्यांनी काढून घ्यावं लागलं.

ओटीवर दोन पाट मांडलेले होते, जोडीला ओवाळायला. रांगोळीसुद्धा दोन पाटांभोवती. आईला माणसांच्या आकृत्या तेवढ्या दिसत. हे आत आले, आणि ती यांच्या पाठीमागे बघत राहिली. "बाय खंय आसा?" बाय, म्हणजे लेक, कुठे आहे? एवढं कोकणी यांना कळलं. काका बाहेर गेला होता. सांगायचं यांनाच होतं.

"मी म्हणालो, नाक्यावर आहे, तिला सोडलं नाही, नाव जुळलं नाही. त्यांना वाटलं माझंच नाव चुकलं. म्हणाल्या, कुणाचं नाव? मी म्हणालो, तिचं."

"मग?"

"मग म्हणाल्या, तिचं तिकडे नाव काय ठेवलंय? तुम्ही लग्नात कळवलं होतं, मी लक्षात ठेवलं नाही. कशाला ठेवू? मला कुठे त्या नावाने हाक मारायची होती?"

यांनी सांगितलं. आईने ते दोनदा म्हणून बघितलं. मग यांना पाटावर बसवून ओवाळलं, दुसरा पाट तसाच ठेवून. ते चार दिवस ती नवं नाव पाठ करत होती. भाजी चिरताना, वाती वळताना. मधेच यांना विचारायची, "बरोबर म्हणते ना मी?" काका घरी आल्यावर तिने त्याला बसवून बजावलं की आता अर्ज करशील तो याच नावाने कर, आणि घरात कुणी चुकूनसुद्धा जुनं नाव घ्यायचं नाही. तोंडात बसलेलं असलं की हातून तेच लिहिलं जातं.

"आणि तुम्ही तिला थांबवलं नाहीत?" मी विचारलं.

"मी काय म्हणून थांबवणार?" हे म्हणाले. "नाव मीच ठेवलंय ना." आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चौकीपासून हे कसलं ओझं घेऊन चालले होते. पण यांना धीर द्यायचं बळ माझ्यात नव्हतं. मी दिला नाही.

घरी आलो तर सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं, "काय म्हणतात विहीणबाई?" यांनी सांगितलं काय झालं ते. सासूबाई ऐकून आत गेल्या. नंतर मी फडताळ उघडलं तर सगळ्या बरण्या खाली उतरवलेल्या आणि पत्रिका पुसून उन्हात वाळत घातलेल्या. त्यातली कमीत कमी तेलकट त्यांनी माझ्या हातात दिली. "ही घाल अर्जाबरोबर," म्हणाल्या. मी काकाला लांबलचक पत्र लिहिलं. नाव बदलू नकोस, जन्माच्या नोंदीतलंच राहू दे, पुरावा म्हणून पत्रिका पाठवते आहे. आईला सांग, मला त्याच नावाने यायचं आहे.

पत्रं तेव्हा फिरत फिरत जात, कधी फोडून चिकटवलेली येत. माझं तिकडे पोचायच्या आधी आईचं इकडे आलं. तिला दिसत नसल्याने काकाच्या मुलीच्या अक्षरात. वर लिहिलं होतं, चि. सौ., आणि पुढे माझं नवं नाव. मजकूर नेहमीचाच. जावई गुणी आहे, फार बोलत नाही हे बरं, नारळ गोड निघाला, विहीणबाईंना नमस्कार सांग. आणि मधे मधे, गरज नसताना, तीनदा नवं नाव. मला ते पत्र माझं वाटेना. मी आईवर चिडले, इतकी की आठ दिवस उत्तर लिहिलं नाही. मनात म्हटलं, सगळ्या जगाने टाकलं तरी तू टाकायचं नव्हतंस. हे आठ दिवस मला आजही सलतात. दर महिन्याला पत्र लिहिणारी मी, नेमके तेच आठ दिवस रुसून बसले.

नवव्या दिवशी लिहायला घेतलं. आईला तिच्या डोळ्यांबद्दल विचारलं, तिने यांना काय काय खाऊ घातलं ते विचारलं, आणि शेवटी सही करताना थांबले. कुठली करू ते सुचेना. शेवटी "तुझी बाय" एवढंच लिहिलं. ते पत्र तिला वाचून दाखवायची वेळ आली नाही. ती आधीच गेली होती. ही बातमी सांगणारं काकाचं पत्र तेरावा उलटून गेल्यावर वाकोल्याला पोचलं. पाकिटावर माझं नवं नाव होतं. काकाने आईचा शब्द पाळला होता.

मी न्हाऊन आले. सासूबाईंनी चुलीपाशी पाट दिला आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या. डोक्यावरून विमान गेलं. ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझं माहेरचं नाव काय गं? पत्रिकेवर होतं, पण मी मेलीने कधी वाचलं नाही." मी सांगायला तोंड उघडलं, पण मला ते उच्चारता येईना.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी काकाकडून आणखी एक पाकीट आलं, आई असतानाच टाकलेलं, कुठेतरी अडकून पडलेलं. आत प्रवेशाचा नवा कागद होता. लहानपणी दोन वर्षं मी पोर्तुगीज शाळेत बसले होते, तेवढं मला वाचता येत होतं. नाव बरोबर. नवऱ्याचं नाव, आडनाव, वय, सगळं परवान्याशी तंतोतंत जुळणारं. कुणालाही कसलाही आक्षेप घेता आला नसता. खाली येण्याचं कारण लिहायची ओळ होती. तिथे लिहिलं होतं, आईची भेट.